हंगामी हेड कोच होऊ का? सरांची खुर्ची घ्यायला मन धजत नाहीये

पत्र:

दादा, नमस्कार. मी आइस हॉकीच्या एका छोट्या पण प्रोफेशनल लीगमध्ये असिस्टंट कोच आहे, वय ३४, हा चौथा सीझन. डिफेन्स आणि पेनल्टी किल (आपला माणूस पेनल्टीमुळे बाहेर असताना कमी माणसांनी करायचा बचाव) माझ्याकडे असतं. आमच्या हेड कोचना गेल्या मंगळवारी काढलं. त्यांनीच मला इथे आणलं होतं. शेवटच्या ११ मॅचमधल्या ९ हरलो होतो. त्याच दुपारी जनरल मॅनेजरने (जीएमने) मला बोलावून सांगितलं की उरलेल्या २९ मॅच तू इंटरिम हेड कोच म्हणून सांभाळ, ब्रेक संपेपर्यंत काय ते कळव. खरं सांगू का, मला हे पद हवंय, पण घेतलं तर मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्ल्यासारखं होईल असं सारखं वाटतंय. शिवाय टीममधला एक डिफेन्समन माझा जुना पार्टनर आहे, आम्ही ३ सीझन एकत्र खेळलो, तो आता स्लो झालाय हे सगळ्यांना दिसतं, पण सर त्याला खेळवत होते. बायको म्हणते नकोच, जमलं नाही तर असिस्टंटची नोकरी पण जाईल. आणि एक बावळट प्रश्न, मॅचला मी बेंचमागे कुठे उभं राहायचं? सरांच्या जागेवर उभं राहायला मन धजत नाहीये.
— डिफेन्सच्या दारापाशी उभा असलेला

उत्तर:

घे रे बाबा, पद घे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो कारण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं की उत्तर तुला माहीतच आहे, फक्त कुणीतरी मोठ्या माणसाने हो म्हणायला हवंय. तर हो. आता बाकीचं बोलू, कारण पद घेणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, घेतल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत माणूस जे घोळ घालतो तो खरा विषय आहे, आणि मी स्वतः त्या घोळात गळ्यापर्यंत बुडालो होतो, ते पुढे सांगतोच.

आधी तो शब्द बघ. इंटरिमला आपले पेपरवाले हंगामी म्हणतात, हंगामी अध्यक्ष, हंगामी प्रशिक्षक. आणि हंगाम म्हणजे सीझन. म्हणजे मराठीत हंगामी कोच म्हटलं की सीझनपुरता कोच असाही अर्थ निघतो, आणि तसा नसलेला एक तरी कोच मला या धंद्यात दाखव. तुझ्या सरांच्या कॉन्ट्रॅक्टवर इंटरिम लिहिलेलं नव्हतं, तरी सीझन संपायच्या आत गेलेच ना? एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी लीग, तिच्यात ३२ टीम, म्हणजे त्या लेव्हलच्या हेड कोचच्या जगात खुर्च्या फक्त ३२, आणि जवळजवळ दर वर्षी त्यातली एखाददुसरी तरी भर सीझनमध्ये रिकामी होते. कारण काही फार खोल नाहीये. अख्खी टीम बदलता येत नाही, कॉन्ट्रॅक्ट असतात, ट्रेडला समोर गिऱ्हाईक लागतं, मालकाला मात्र काहीतरी केल्याचं दाखवायचं असतं, मग एका माणसाला काढणं सगळ्यात स्वस्त पडतं. तो माणूस म्हणजे कोच.

आता टाळूवरचं लोणी. अरे पण सरांना तू काढलंस का? तू जीएमच्या कानाला लागला होतास का, खेळाडूंसमोर सरांच्या लाइनअपवर तोंड वाकडं केलं होतंस का? केलं असशील तर वेगळं पत्र लिही, उत्तर पण वेगळं मिळेल. नसशील केलं तर ही खुर्ची तू कुणाच्या बुडाखालून ओढलेली नाहीस, ती रिकामी झाली आणि तू सगळ्यात जवळ उभा होतास. तू नाही म्हणालास म्हणून सर परत येणार नाहीयेत. दुसरा कोणीतरी येईल, बहुतेक बाहेरचा, आणि तो येताना स्वतःचा असिस्टंट घेऊन येईल.

आणि ही संगीत खुर्ची या खेळात कायमच चालू असते. ब्रूस बूड्रोचं बघ. बिचाऱ्याने वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये बसप्रवास करत कोचिंग केलं, २००७ मध्ये वॉशिंग्टनने वर बोलावलं, आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. दोन दिवसांत अनाहाइमने रँडी कार्लाइलला काढलं आणि त्याच्या जागी बूड्रोला घेतलं. कार्लाइल म्हणजे ज्याने याच टीमला २००७ ला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून दिला होता तो. तोही घरी बसला नाही, पुढच्या मार्चमध्ये टोरोंटोत लागला. आणि खरी गंमत म्हणजे २०१६ ला अनाहाइमने बूड्रोला काढलं तेव्हा जागेवर कोण आलं असेल? कार्लाइल. आता या दोघांनी एकमेकांचं लोणी मोजत बसायचं म्हटलं तर हिशोब कधी संपायचाच नाही.

फक्त एक काम कर आणि आजच कर. सरांना फोन लाव. मेसेज नको. फोन, किंवा घरी असतील तर सरळ जाऊन भेट. जीएमला हो म्हणायच्या आधी. परवानगी मागू नकोस, ते त्यांच्यावर ओझं टाकणं झालं, बिचारे नाही कसं म्हणतील? नुसतं सांग की सर मला विचारलंय, मी घेणार आहे, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून फोन केला. बहुतेक ते म्हणतील घे लेका, आणि वर दोन खेळाडूंबद्दल असं काही सांगतील जे तुला चार वर्षांत कळलं नसेल. समज ते चिडले, फोन आपटला, तरी घे, तो राग आठवड्याभराचा असतो. पण बातमी त्यांना फोनवर स्क्रोल करताना दिसली तर तो राग आयुष्यभर राहतो, आणि हॉकीचं जग इतकं लहान आहे की पाच वर्षांनी तुझ्या नावाची चौकशी करायला कुणीतरी त्यांनाच फोन लावणार.

आता तुझ्याच जागेवर उभ्या असलेल्या दोघांची गोष्ट सांगतो. क्रेग बेरुबे. फिलाडेल्फियात असिस्टंट होता, २०१३ चा सीझन सुरू होऊन तीन मॅच झाल्या, तिन्ही हरले आणि हेड कोच पीटर लाव्हिओलेटला काढलं, पद बेरुबेला. दोन सीझनमध्ये त्यालाही काढलं. मग तो एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये गेला, तिथून सेंट लुइसला परत असिस्टंट म्हणून आला, आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या हेड कोचला काढून परत याच्याच हातात बेंच दिलं, इंटरिम म्हणून. म्हणजे या माणसाला बॉसची खुर्ची एकदा नाही, दोनदा मिळाली. ३ जानेवारी २०१९ ला सेंट लुइस तेव्हाच्या ३१ टीममध्ये सगळ्यात शेवटी होते, आणि जूनमध्ये त्यांनी बोस्टनला जाऊन फायनलची सातवी आणि शेवटची मॅच जिंकून स्टॅनली कप उचलला. तोपर्यंत त्याच्या नावापुढे इंटरिम लिहिलेलं होतंच, कप जिंकल्यावर काढलं. आणि त्या रात्री समोरच्या बेंचमागे कोण होता माहितीये? ब्रूस कॅसिडी, जो २०१७ मध्ये बोस्टनला असिस्टंट असताना क्लॉड ज्युलियनला काढल्यावर इंटरिम झाला होता. म्हणजे फायनलच्या सातव्या मॅचला दोन्ही बेंचमागे आपल्या बॉसच्या जागेवर आलेला माणूस उभा होता. आणि ज्युलियनचं म्हणशील तर त्याला आठवड्याभरात मॉन्ट्रियलने घेतलं होतं.

पण ही गोष्ट अर्धीच सांगितली तर मी तुला फसवतोय. ७ जानेवारी २०१९ ला सेंट लुइसने जॉर्डन बिनिंग्टन नावाच्या एका गोलकीपरला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं, पहिल्याच मॅचला त्याने एकही गोल होऊ दिला नाही, आणि सीझन संपेपर्यंत २४ जिंकल्या, ५ हरल्या, आणि एक ओव्हरटाइममध्ये हातची गेली. आता मला सांग, बेरुबे रातोरात शहाणा झाला का गोलकीपर मिळाला? दोन्ही असेल. बेरुबेने टीमला वळण लावलं यात वाद नाही, पण गोलकीपर पक (आइस हॉकीत बॉलऐवजी असते ती चकती) अडवत नसेल तर जगातला कुठलाही कोच मूर्खच दिसतो. आणि त्याच बेरुबेला सेंट लुइसने २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढलं आणि जागेवर परत एक इंटरिम आणला.

आणि हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुला पहिल्या पाच-सहा मॅच बहुतेक बऱ्या जाणार आहेत आणि तिथेच धोका आहे. नव्याचे नऊ दिवस हॉकीत अगदी खरे असतात, आणि त्यात जादू काही नाही. कोचला कधी काढतात? नशीब तळाला असतं तेव्हा. शॉट पोस्टला लागून बाहेर जातायत, आपला गोलकीपर सोपे पक सोडतोय, समोरच्याचे कुणाच्या तरी स्केटला लागून आत जातायत. हे सगळं कायम तसं राहत नाही, आपोआप मध्यावर येतं, सर राहिले असते तरी आलं असतं. त्यात खेळाडूंना भीती आणि लाज दोन्ही वाटत असते की आपल्यामुळे माणसाची नोकरी गेली, ते दोन आठवडे जीव तोडून स्केटिंग करतात. मग नवा कोच जिंकतो आणि त्याला वाटतं हे मी केलं.

मला वाटलं होतं. टीमचं नाव नको, आता तिथे कुणी उरलं पण नाही ओळखीचं. मी ३६ चा होतो, १९ मॅच हातात होत्या, पहिल्या पाचपैकी चार जिंकलो. पेपरात फोटो वगैरे आला, मी तो कापून ठेवला, आता कबूल करायला लाज वाटते. मग मला कंड सुटली. अख्खा फोरचेक, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीत जाऊन पक हिसकावायची पद्धत, बदलला. आमचे हेड कोच एक माणूस पुढे पाठवून बाकीच्यांना मध्ये भिंत घालायला लावायचे, एकदम कंटाळवाणं पण मुलांच्या अंगवळणी पडलेलं, मी म्हटलं दोन जण आत घुसवू, आक्रमक खेळू. प्रॅक्टिसचे दिवस किती? तीन. त्यातला एक ऐच्छिक. मॅचला काय झालं की पहिले दोघे नवीन पद्धतीने आत घुसले आणि तिसरा सवयीने जुन्या जागी थांबला, मध्ये एवढी मोठी मोकळी जागा की समोरचे त्यातून ट्रक घेऊन गेले असते. एका आठवड्यात १७ गोल खाल्ले. खेळाडूंचं चुकलं नव्हतं, वेगात असताना माणूस विचार करत नाही, पाय सवयीने जातात, आणि सवय तीन दिवसांत बदलत नाही. पुढच्या १४ पैकी ३ जिंकलो. सीझन संपला तेव्हा जीएमने चहा पाजला आणि हात मिळवला.

म्हणून सिस्टमला हात लावू नकोस. काही बदलायचंच असेल (आणि बदलावंच लागेल, नाहीतर खेळाडू म्हणतील माणूस बदलला बाकी तेच) तर एकच गोष्ट बदल, आणि अशी जी शिकवावी लागत नाही. मी तुझ्या जागी असतो तर शिफ्ट धरली असती, म्हणजे खेळाडू एका वेळी बर्फावर किती सेकंद राहतो ते. हरणाऱ्या टीमचा व्हिडिओ काढून बस, स्टॉपवॉच लाव, मी पैजेवर सांगतो शिफ्ट लांबलेल्या असतील. ४०-४५ सेकंदांची शिफ्ट हवी ती ६०, ७० ला गेलेली असते. का? कारण गोल होत नाहीयेत म्हणून प्रत्येकाला वाटतं अजून एक चान्स घेऊ, मीच करतो, आणि मग तो दमलेल्या पायांनी परत येतो, पक सोडवताना हात जड होतो, आणि तिथेच गोल. दुसऱ्या पीरियडमध्ये तर हे जीवावर येतं, कारण बाजू बदलल्यामुळे आपलं बेंच आपल्या गोलपासून लांब जातं, अडकलेल्या डिफेन्सला बदली करायला बाहेर पडताच येत नाही. तू बेंचवरचं डिफेन्सचं दार सांभाळतोस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, किती वेळा दोघे अर्धमेले होऊन त्या दारातून आत पडलेत. व्हिडिओ कोचला सांग शेवटच्या ११ मॅचमधल्या, दुसऱ्या पीरियडमध्ये खाल्लेल्या गोलच्या वेळी बर्फावर असलेल्यांच्या शिफ्ट किती सेकंदांच्या होत्या ते काढून दे. तो कागद ड्रेसिंग रूममध्ये लाव. भाषण नको. नावं पण नको, नुसते सेकंद. ज्याचे आहेत त्याला कळतात.

आता तुझा पार्टनर. खरं तर पत्र तू याच्यासाठी लिहिलंयस असा माझा संशय आहे, सरांचं आणि खुर्चीचं नुसतं कव्हर आहे.

असिस्टंट आणि हेड कोच ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच शिडीच्या दोन पायऱ्या नाहीत. असिस्टंटकडे खेळाडू रडायला येतात. हेड कोचने बाहेर बसवलं की असिस्टंट खांद्यावर हात ठेवतो, म्हणतो चल प्रॅक्टिसनंतर दहा मिनिटं थांब, आपण दोघं व्हिडिओ बघू. चांगला मामा असतो तो. उद्यापासून तू मामा नाहीस. तू खोलीत शिरलास की आवाज थोडा कमी होईल, तुझ्याबद्दलचे विनोद तुझ्यापर्यंत पोचणार नाहीत, कालपर्यंत तुझ्या शेजारी बसून जेवणारे दोन टेबलं सोडून बसतील. याचा त्रास होतो. खूप होतो. मला बर्फावरच्या पराभवांपेक्षा त्या टेबलाचा जास्त झाला. त्यावर इलाज म्हणून काही जण परत मित्र बनायला जातात, विनोद मारतात, कर्फ्यू सैल करतात, आणि तिथे मग रूम हातातून जाते. हॉकीत म्हणतात ना, कोचने रूम गमावली, ती अशीच जाते, भांडण होऊन नाही.

माझाही एक असा मित्र होता, सेंटर खेळायचा, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतात तो) अजून जिंकायचा पण पुढे पळता येत नव्हतं. त्याला मी पहिल्यांदा बाहेर बसवलं तेव्हा सांगितलं कसं माहितीये? सांगितलंच नाही. सकाळच्या स्केटला बोर्डावर त्याचं मॅग्नेट लाइनमधून काढून कोपऱ्यात लावलं आणि मी ऑफिसात जाऊन दार लावून बसलो. तो आला, बोर्ड बघितला, माझ्या दारासमोर थोडा वेळ उभा राहिला, मला दाराखालून त्याच्या स्केटचे गार्ड दिसत होते, निळे. मग गेला. नंतर आम्ही बोललो, आजही बोलतो, पण मध्ये ते निळे गार्ड आहेतच.

तेव्हा तू त्याला बोर्ड लागायच्या आधी भेट, आदल्या दिवशी, ऑफिसात नको, दोघांना बसता येईल अशा कुठल्याही जागी. दोन वाक्यांत सांग, उद्याच्या मॅचला तू नाहीस, कारण हे आहे. कारण खरं सांग. "टीमच्या भल्यासाठी" वगैरे सांगू नकोस, तो लहान नाहीये. पाय मंद झाल्यामुळे तो वळताना मागे पडतो आणि समोरचे विंगर मुद्दाम त्याच्याच बाजूने येतायत, हे त्याला माहितीये, तुझ्या तोंडून ऐकायचंय फक्त. मग त्याला बोलू दे, शिव्या देऊ दे. आणि त्याला पेनल्टी किलवर वापरता येत असेल, जिथे पळण्यापेक्षा उभं कुठे राहायचं याला किंमत असते, तर ते पण सांग, पण नसेल येत तर गोड बोलायचं म्हणून खोटं आश्वासन देऊ नकोस. आणि एक, त्याला बसवायचं का नाही हे तू ठरव, मी इथून नाही. कदाचित सर बरोबर होते. कदाचित तरुण पोरं त्याच्याकडे बघून शांत राहत असतील आणि सरांना ते दिसत होतं, तुला मित्र असल्यामुळे उलट दिसत नसेल. मित्राला वाचवायचं म्हणून खेळवणं जितकं चूक, तितकंच आपण निःपक्ष आहोत हे दाखवायला त्याचा बळी देणं पण चूक, आणि नवे कोच हे दुसरं जास्त करतात.

(स्टाफमधला दुसरा असिस्टंट, ज्याला विचारलं गेलं नाही, त्याच्याशी पण बोल. तो सीनियर असेल तर नक्कीच. पत्रात तू त्याचा उल्लेखच केला नाहीस, हे मला जरा खटकलं.)

बायकोचं म्हणशील तर ती शंभर टक्के बरोबर आहे. इंटरिमला सीझननंतर नाही ठेवलं तर सहसा परत असिस्टंट म्हणून पण ठेवत नाहीत, नव्या हेड कोचला आपल्याच बेंचवर माजी हेड कोच नको असतो, साहजिक आहे. पण पुढचा भाग तिला सांग, की तू नाही म्हणालास तरी तुझी नोकरी सुरक्षित नाहीये, वर म्हटलं तसं नवा माणूस आपली माणसं आणतो. म्हणजे धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. मग निदान धरून बघ, पण लिहून घेऊन. जीएमकडे जाताना हे विचारून ये: हेड कोचचा पगार आजपासून की सीझननंतर बघू? २९ मॅच झाल्यावर मला कायम केलं नाही तर असिस्टंटचं चालू कॉन्ट्रॅक्ट शेवटपर्यंत पाळणार का, मला दुसरं काम दिलं तरी आणि नाही दिलं तरी? गोलकीपर कोण उतरणार आणि कोण बाहेर बसणार हे अंतिम कोण ठरवणार? हा तिसरा प्रश्न पैशाचा नाही पण सगळ्यात महत्त्वाचा, कारण काही जीएमना इंटरिम म्हणजे बेंचवर उभं केलेलं स्वतःचं बुजगावणं हवं असतं. त्याने ओढूनताणून उत्तर दिलं तर मी सुरुवातीला म्हटलेलं हो परत घेतो. वरच्या लेव्हलला काढलेल्या कोचला कॉन्ट्रॅक्टचे पैसे मिळत राहतात, टोरोंटोने माइक बॅबकॉकला २०१५ मध्ये ८ वर्षांचं ५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि २०१९ मध्ये काढलं, त्याला काय फरक पडला? छोट्या लीगमध्ये ती उशी नसते, आपण सरळ फरशीवर पडतो. तेव्हा लिहून घे आणि घेताना लाजू नकोस, जीएम रोज खेळाडूंच्या एजंटांशी हेच बोलतो.

आणि तिला पॉल मॉरिसचं सांग, म्हणजे ती अजून चिडेल पण सांग. डोळ्याला दुखापत होऊन त्याचं खेळणं लवकर संपलं, १९९५ मध्ये २८ व्या वर्षी तो हार्टफर्डचा हेड कोच झाला, मग काढला, परत घेतला, परत काढला, विनिपेगचं पद त्याने स्वतःच २०२१ मध्ये सोडलं, आणि स्टॅनली कप हातात आला २०२४ ला फ्लोरिडाबरोबर, ५७ व्या वर्षी. पुढच्या वर्षी परत. मधली २९ वर्षं घरच्यांनी किती वेळा सामान बांधलं असेल याचा विचार कर. कॅसिडीला पण वॉशिंग्टनने २००३ मध्ये काढल्यावर परत एनएचएलचा हेड कोच व्हायला १३ वर्षं लागली, आणि बोस्टनने २०२२ ला काढल्यावर पुढच्याच वर्षी व्हेगासला कप. यातून नियम काढू नकोस, कप न मिळता संपलेल्यांची यादी याच्या कितीतरी पट लांब आहे आणि त्यात मी पण आहे. फक्त इतकंच की २९ मॅचच्या निकालावर करिअर ठरत नाही. हरलास तरी पुढच्या इंटरव्ह्यूला तू हेड कोच राहिलेला माणूस असशील, आणि बेंच हातात असताना शेवटच्या दोन मिनिटांत जादा फॉरवर्ड उतरवायला गोलकीपर कधी बाहेर काढलास, का काढलास, यावर तुझ्याकडे बोलायला काहीतरी असेल. असिस्टंटकडे ते नसतं, त्याच्याकडे फक्त मत असतं.

राहता राहिला बावळट प्रश्न, आणि तो मुळीच बावळट नाहीये. मधोमध उभा राहा. भावनेचा भाग सोड, बेंचवर एका टोकाला डिफेन्सवाले, दुसऱ्या टोकाला फॉरवर्ड, आता बर्फावर कोण जाणार ते ओरडून सांगायचं तर दोन्हीकडे ऐकू जायला हवं, आणि पेनल्टी झाली की खेळाडू मान वळवून मध्येच बघतात, तिथे कोणी नसेल तर पाच माणसं एकाच वेळी उठतात आणि बर्फावर जास्तीचा माणूस जाऊन अजून एक पेनल्टी मिळते, बघितलंय मी. तू जुन्या जागी डिफेन्सच्या दारापाशी लपून उभा राहिलास तर पहिल्या शिफ्टला हेच होईल. पहिल्या मॅचच्या आधी रिकाम्या रिंकमध्ये एकदा जाऊन त्या मधल्या जागेवर पाच मिनिटं उभा राहून ये, तिथून समोरचं बेंच आणि घड्याळ वेगळ्या कोनात दिसतं, त्याची सवय होऊ दे. आणि तुझं ते दार उद्यापासून कोण उघडणार ते आजच ठरव. दुसऱ्या असिस्टंटला फॉरवर्ड पण बघायचेत, त्याला दोन्ही जमणार नाही. व्हिडिओवाला मुलगा चटपटीत असेल तर त्यालाच खाली उभा कर, पण त्याला आधी सांग की दार आतल्या बाजूला उघडतं आणि बोटं सांभाळ.